मार्च उजाडला की क्लाउनफिश धापा टाकतात: औषधाआधी खारटपणा मोजा

लक्षणं अशी असतात. खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये थंडीभर ठणठणीत असलेली क्लाउनफिशची जोडी मार्चअखेरीपासून संध्याकाळी पाण्याच्या वरच्या थरात किंवा वेव्हमेकरच्या (टँकमधलं पाणी हलवत ठेवणाऱ्या पंपाच्या) तोंडाशी जाऊन उभी राहते. कल्ल्यांची झाकणं पुरती मिटत नाहीत, जवळून पाहिलं तर फटीतून आतला लालसर भाग दिसत राहतो. खाणं टाकलं की मासा धावत येतो, तोंडात घेतो आणि थुंकून देतो. मग कुणीतरी औषध सुचवतं. ते पडतं, सोबत थोडं पाणीही बदललं जातं, पाच-सहा दिवस मासे बरे दिसतात आणि आठवड्याभरात पुन्हा तेच.

हे पाच-सहा दिवसच खरा धागा आहेत. बरं वाटलं ते बहुधा औषधानं नव्हे, तर बदललेल्या पाण्यानं. नवं पाणी ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग मीठ) होतं, टँकमधलं ४० च्या पुढे गेलेलं होतं. नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी उडतं, मीठ मागे राहतं, पाणी तापतं आणि तापलेल्या खारट पाण्यात प्राणवायू कमी मावतो. दर उन्हाळ्यात परतून येणाऱ्या या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

एक खुलासा आधीच करतो. क्लाउनफिश रात्री पृष्ठभागाजवळ तिरके-आडवे झोपतात, एकाच कोपऱ्यात अंग हलवत राहतात, वेव्हमेकरशेजारी मुक्काम ठोकतात. हा त्यांचा स्वभाव आहे. फरक श्वासात असतो. निरोगी माशाचा श्वास सकाळी, दिवे लागण्याआधी मोजून ठेवा: कल्ले १५ सेकंदांत किती वेळा उघडतात ते मोजायचं आणि चारनं गुणायचं. हा आकडा टँकच्या बाजूला लिहून ठेवा. संध्याकाळी तो दीडपट झाला तर ती धाप.

मासा आत्ता धापा टाकत असेल तर

वेव्हमेकरचं तोंड वर वळवा. पृष्ठभाग नुसता हलून चालत नाही, तुटायला हवा. हवेचा पंप असेल तर लावा, मात्र त्याच खोलीत मच्छर पळवणारं लिक्विड मशीन चालू असेल तर आधी ते बंद करा, कारण पंप तीच हवा पाण्यात ढकलतो आणि त्यातली रसायनं माशांना फार घातक असतात. काचेचं झाकण काढा आणि उडी मारू नये म्हणून जाळी ठेवा. दिवे बंद करा. त्या दिवशी खाणं देऊ नका.

पाणी २९ अंशांच्या वर असेल तर तासाला एक अंश या बेतानं उतरवा. अर्ध्या लिटरची गोठवलेली बाटली १०० लिटर पाणी साधारण अर्धा अंश खाली आणते. म्हणजे दोन अंशांसाठी चार बाटल्या लागतील, त्याही एकामागून एक. बाटली सम्पमध्ये (टँकखालच्या जोडटाकीत) ठेवा, माशांजवळ नको, आणि बूच घट्ट आहे ना ते पाहा. बर्फ थेट पाण्यात टाकू नका.

मग अमोनियाची चाचणी घ्या. शून्याच्या वर काहीही दिसलं तर पाणी बदलणं आलंच. तापलेल्या पाण्यात तोच अमोनिया जास्त विषारी ठरतो. शून्य असेल तर पुढे वाचा, आणि तोवर औषधाची कुठलीही बाटली उघडू नका. औषधं चुकीच्या वेळी पडली तर पाण्यातला उरलासुरला प्राणवायूही खातात.

नाशिकमध्येच हे इतकं का जाणवतं

अडीच फुटी टँक घ्या. दगड-वाळू वजा जाता त्यात साधारण १०० लिटर पाणी असतं. एप्रिल-मेमध्ये दुपारची हवा इथे अगदी कोरडी असते. अशा वेळी उघड्या टँकमधून, त्यातही वर पंखा लावलेला असेल तर, दिवसाला दोन-तीन लिटर पाणी सहज उडतं. दोन लिटर धरले तरी पाच दिवसांत १०० चे ९० लिटर होतात आणि ३५ पीपीटीचं पाणी ३९ पीपीटीला पोचतं. आठवड्यानं ते ४०.७ होतं. पाच दिवसांत पाण्याची पातळी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर उतरते आणि तेवढी घट वरच्या काळ्या पट्टीमागे लपून जाते.

सम्प असलेल्या टँकमध्ये तर ही घट वर दिसतच नाही. वरची पातळी ओव्हरफ्लो (जिथून पाणी सम्पमध्ये पडतं तो काठ) ठरवतो, त्यामुळे पाणी कमी होतं ते सम्पच्या शेवटच्या कप्प्यात, पाणी परत वर पाठवणाऱ्या रिटर्न पंपाच्या खोलीत. त्या कप्प्यात पाणी पूर्ण भरलेलं असताना जिथे असतं, तिथे आजच मार्करनं रेघ ओढा. ही रेघच तुमचं पहिलं उपकरण.

दुसरं कारण उंची. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, हवेचा दाब इथे सहा-सात टक्क्यांनी कमी, म्हणून पाण्यात विरघळणारा प्राणवायूही तेवढाच कमी. किनाऱ्यावर २५ अंशांच्या समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे पावणेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. आपल्याकडे ३१ अंशांवर ४० पीपीटीच्या पाण्यात तो साडेपाचच्या आसपास येतो, आणि तोही पाणी नीट हलत असेल तर. उलट ३१ अंशांवर माशाची गरज वाढलेली असते. म्हणून मुंबईत निभावून जाणारी मांडणी इथे गंगापूर रोडच्या किंवा इंदिरानगरच्या वरच्या मजल्यावर, गच्चीचा स्लॅब रात्री अकरापर्यंत तापलेला असताना, कमी पडते. टँकचं पाणी उशिरा तापतं आणि उशिरा निवतं. सर्वात गरम वेळ दुपारची नसून संध्याकाळी सहा ते नऊची असते. तापमान सकाळी आठला बघून ‘ठीक आहे’ म्हणणाऱ्यांचं इथेच चुकतं.

मोजमाप खोटं बोलत असेल तर

या भागावर जरा वेळ द्या, कारण मोजणारेही फसतात ते इथेच.

पाण्याची घनता मोजणारा काचेचा हायड्रोमीटर ज्या तापमानासाठी आखलेला असतो, ते त्याच्या आतल्या कागदावर छापलेलं असतं, उदाहरणार्थ २५ अंश. पाणी गरम झालं की पातळ होतं आणि हायड्रोमीटर जास्त बुडतो. २५ अंशांवर ३५ पीपीटीचं पाणी १.०२६ (गोड्या पाण्याच्या तुलनेतली घनता) दाखवतं, ३१ अंशांवर तेच पाणी १.०२४५ च्या आसपास दाखवतं. माणूस म्हणतो मीठ कमी झालं, आणि मिठाचं पाणी ओततो. उन्हाळ्यात क्षारता (म्हणजे खारटपणा) चढण्यामागे ही चूक फार मोठी आहे. उपाय सोपा आहे: उंच ग्लासात टँकचं पाणी घ्या, ताटली झाका, ग्लास गार पाण्याच्या पातेल्यात ठेवून २५ अंशांवर आणा आणि मग मोजा. काचेला चिकटलेला एखादा बुडबुडाही आकडा वर नेतो, म्हणून हायड्रोमीटर सोडताना हलकेच फिरवा. प्लास्टिकच्या काट्याचा हायड्रोमीटर असेल तर काट्यावरचे बुडबुडे टिचकी मारून काढा.

पाण्यातून प्रकाश किती वळतो त्यावरून क्षारता सांगणारा रिफ्रॅक्टोमीटर जास्त भरवशाचा, पण शुद्ध पाण्यावर शून्य लावला म्हणजे ३५ ला बरोबर दाखवेलच असं नाही. तो ३५ वरच लावा. तयार द्रावण मिळालं नाही तर ३६.५ ग्रॅम साधं मीठ आणि ९६३.५ ग्रॅम डिस्टिल्ड पाणी, दोन्ही स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोलून घ्या, मीठ पुरतं विरघळू द्या. या द्रावणाला समुद्री रिफ्रॅक्टोमीटरनं ३५ दाखवायला हवं, नसेल तर स्क्रू फिरवून आणा. बाटली घट्ट बंद ठेवा, नाहीतर त्यातलंही पाणी उडेल. आपोआप तापमान जुळवणारे बहुतेक रिफ्रॅक्टोमीटर १० ते ३० अंशांपर्यंतच जुळवतात. मे महिन्यात खोली ३४ अंशांवर असते, तेव्हा मोजणी सकाळीच करा. थेंब टाकल्यावर अर्धा मिनिट थांबा.

आपल्याकडे द्राक्षबागायतदारांच्या घरी रिफ्रॅक्टोमीटर हमखास असतो. तो मण्यांची साखर मोजतो, त्यावर ब्रिक्सची पट्टी असते. टँकसाठी तो उसना आणू नका. पाण्याचं टीडीएस पेनही उपयोगाचं नाही, बहुतेक पेनं ९९९० वर थांबतात आणि समुद्राचं पाणी त्याच्या तिपटीहून पुढे असतं. बागेतून येऊन बोर्डो मिश्रणाचे (द्राक्षांवरच्या फवारणीचे) हात टँकमध्ये घालू नका, हेही सांगायलाच हवं. त्यातलं तांबं गोगलगायी, कोळंबी आणि ॲनिमोनी (क्लाउनफिश ज्यात राहतो तो फुलासारखा समुद्री जीव) मारतं.

चढलेली क्षारता उतरवायची कशी

आधी पाणी रेघेपर्यंत भरा, गोड्या आरओ पाण्यानं, एकदम नाही. हवेच्या नळीला गाठ मारून किंवा छोटा वॉल्व्ह लावून थेंब-थेंब सोडा. दहा लिटरची तूट असेल तर ती चोवीस तासांत भरा. रेघेपर्यंत आल्यावर मोजा. पुष्कळदा आकडा इथेच ३५-३६ वर येऊन बसतो.

रेघेपर्यंत पाणी असूनही आकडा चढलेला असेल तर आजवर कुणीतरी उडालेल्या पाण्याच्या जागी मिठाचं पाणी घातलंय. १०० लिटरच्या टँकमध्ये रोज दोन लिटर ३५ पीपीटीचं पाणी घातलं तर रोज ०.७ पीपीटी वाढतात, दहा दिवसांत सात. आता टँकचं पाणी काढून तितकंच आरओ पाणी घालायचं. किती, त्याचा हिशोब असा: टँकमधलं एकूण पाणी गुणिले (आजची क्षारता वजा हवी ती), भागिले आजची क्षारता. १०० लिटर, ४१ वरून ३५ ला यायचं, तर १०० × ६ ÷ ४१, म्हणजे साडेचौदा लिटर. फक्त मासे असतील तर हे पाणी पाच-पाच लिटरच्या तीन हप्त्यांत दीड दिवसात बदला. प्रवाळ किंवा ॲनिमोनी असेल तर दिवसाला अडीच लिटरच, म्हणजे रोज एक पीपीटी. मासे उतरती क्षारता बऱ्यापैकी सोसतात, चढती नाही. म्हणून चुकून खाली गेलात तर परत वर येताना दिवसाला एक पीपीटीहून घाई करू नका.

पुन्हा चढू नये म्हणून

नियम एकच: उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणी, बदललेल्या पाण्याच्या जागी खारं पाणी. घरातल्या सगळ्यांना हा नियम माहीत हवा, कारण तुम्ही नसताना भरणारं माणूस वेगळं असतं.

गोडं पाणी कुठलं? नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. बोअरचं पाणी आपल्या काळ्या खडकातून येतं आणि जड असतं. उन्हाळ्यात टँकरचं पाणी आलं तर त्याचा भरवसा नाही. घरच्या पिण्याच्या आरओत चवीसाठी टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज बसवलेलं असतं, त्यामुळे पाणी ६०-८० टीडीएसचं येतं. मेंब्रेननंतर आणि या जोडण्यांच्या आधी टी-जोड देऊन पाणी काढलं आणि पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार धरून ठेवणारे मणी) लावलं की टीडीएस शून्यावर येतो.

आता भरायची सोय. दिवसातून दोनदा, सकाळी आणि रात्री, मापाच्या जगनं रेघेपर्यंत भरणं हेही पुरेसं आहे. एकदाच भरण्यापेक्षा दोनदा बरं. रोज जमत नसेल तर फ्लोट वॉल्व्ह किंवा सेन्सरचा ऑटो टॉप-अप (उडालेलं पाणी आपोआप भरणारी सोय) लावा, पण त्याची बादली लहान ठेवा. वॉल्व्हमध्ये गोगलगाय अडकली किंवा मिठाचा थर बसला की तो उघडाच राहतो. २० लिटरचा जार १०० लिटरच्या टँकमध्ये पूर्ण रिकामा झाला तर क्षारता ३५ वरून २९ च्या आसपास येते आणि फरशीवर तळं साचतं ते वेगळंच. पाच-सहा लिटरची बादली पूर्ण रिकामी झाली तरी दोन पीपीटींहून जास्त फरक पडत नाही. आठवड्यातून एकदा वॉल्व्हचा फ्लोट हातानं वर-खाली करून पाहा, आणि काठावर जमलेली मिठाची पांढरी खपली ओल्या फडक्यानं पुसा. तिच्याखाली इलेक्ट्रिक बोर्ड नको.

थंड ठेवणं

कोरडी हवा इथे शत्रू आहे तशी मित्रही आहे. १२ व्होल्टचे दोन कॉम्प्युटर पंखे पृष्ठभागावर तिरके लावले की टँक दोन ते चार अंश उतरतो, कारण उडणारं पाणी उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाणी दिवसभरात उडालं तर साधारण २८ वॅट उष्णता गेली. पंप आणि दिव्यांची मिळून ६० वॅट उष्णता पाण्यात जात असेल तर तेवढीच काढायला दोन लिटर उडावे लागतात. म्हणूनच पंखा लावायचा आणि टॉप-अप वाढवायचा नाही, हे म्हणजे एका दुखण्यावर दुसरं ओढवून घेणं.

त्याच खोलीत कूलर लावला असेल तर हवा दमट होते आणि टँकवरचा पंखा निम्मंही काम करत नाही. तेव्हा खिडकी उघडी ठेवा, किंवा कूलर दुसऱ्या खोलीत न्या. पंख्याला तापमान-नियंत्रक लावा: २६.५ ला सुरू, २५.८ ला बंद. हिवाळ्यात नाशिकला हीटर लागतोच, रात्री पारा दहाच्या खाली जातो. तोच हीटर उन्हाळ्यात प्लगमध्ये राहून गेला आणि त्याचा थर्मोस्टॅट चिकटला तर मे महिन्यात पाणी उकडतं. एप्रिल-मेमध्ये त्याचा प्लग काढून ठेवा.

वीज गेली तर पहिली गरज गारव्याची नसून हालचालीची. बॅटरीवरचा हवेचा पंप टँकशेजारी भरलेल्या सेलसह ठेवा. इन्व्हर्टर असेल तर त्यावर एक छोटा वेव्हमेकर जोडून ठेवा. पाच-दहा वॅटनं बॅटरीला ओझं होत नाही.

खरंच आजार असेल तर

क्षारता ३५, पाणी २६, अमोनिया शून्य, पृष्ठभाग खळखळता, आणि तरीही धाप चालूच असेल, तर मग माशाच्या अंगाकडे टॉर्च तिरका धरून पाहा. पांढरट, चिकट बुळबुळीचे पापुद्रे सुटत असतील, रंग फिका पडला असेल, तर तो ब्रुकलिनेला हा परजीवी. क्लाउनफिशला हा विशेष लागतो आणि दोन-चार दिवसांत मासा नेतो. सोनेरी-तपकिरी पिठासारखी बारीक धूळ आणि मासा उजेड टाळतोय, तर वेल्व्हेट. मिठाच्या कणांसारखे सुटे पांढरे ठिपके, तर इक.

ब्रुकलिनेलावर तांब्याचं औषध चालत नाही, फॉर्मेलिन लागतं: ३७ टक्क्यांचं, दहा लिटर टँकच्या पाण्यात दीड मिलि, वेगळ्या बादलीत, हवेचा पंप जोरात, पाणी २७ अंशांच्या आत, ३० ते ४५ मिनिटं, समोर बसून. मासा कलंडला तर लगेच बाहेर. त्यानंतर तो स्वच्छ, वेगळ्या टबात ठेवायचा आणि एक दिवसाआड असं तीनदा करायचं. बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसला असेल तर ते फॉर्मेलिन वापरू नका, ते जास्त विषारी झालेलं असतं. हातमोजे आणि उघडी खिडकी हवीच, फॉर्मेलिन माणसालाही वाईट. वेल्व्हेट आणि इकवर तांब्याचा उपचार होतो, तोही वेगळ्या टँकमध्ये, तांब्याची चाचणी हाताशी ठेवून. मुख्य टँक साधारण अडीच महिने माशांविना ठेवावा लागतो.

जुने मासे बरे आणि नुकताच आणलेला एकच मासा तिसऱ्या दिवशी गेला, ही तक्रार वेगळी वाटते, पण तिचं मूळही पुष्कळदा क्षारतेतच असतं. दुकानात खर्च वाचवायला आणि परजीवी दबवायला पाणी १.०२० च्या आसपास, म्हणजे सुमारे २७ पीपीटीवर ठेवलेलं असतं. तो मासा मुंबईहून कसारा घाट चढून चार-पाच तास पिशवीत येतो आणि थेट ३९ पीपीटीत पडतो. पिशवीतलं पाणी आधी मोजा. वेगळ्या टबात त्याच क्षारतेचं, त्याच तापमानाचं पाणी तयार ठेवा आणि पिशवी उघडल्याबरोबर मासा टबात सोडा. उघड्या पिशवीत तासभर थेंब-थेंब पाणी घालत बसू नका: पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि साठलेला अमोनिया विषारी रूपात येतो. पुढे टबातली क्षारता दिवसाला एक पीपीटीनं वाढवा आणि टँकइतकी झाली की मगच मासा टँकमध्ये.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला की हे सगळं उलटतं. हवा दमट होते, पंखे फिरत राहतात पण पाणी निवत नाही आणि उडणंही निम्म्यावर येतं. मे महिन्याच्या सवयीनं दोन जग ओतणारा हात त्या आठवड्यात रेघेच्या वर जातो. जूनचे पहिले पंधरा दिवस रोज सकाळी क्षारता मोजा, जग न मोजता रेघेलाच थांबा, आणि पंखा सतत चालूनही पाणी २८ च्या खाली येत नसेल तर दिव्यांची वेळ रात्री आठनंतर सरकवा.